कासरा, बैल आणि भुजंगरावांची नाडी

भुजंगराव,

तुमची शोकसभा होऊन आता दोन महिने होतील. तुम्ही स्वतः हजर असतात तर पहिलं भाषण सुरू होताच उठून मैदानावर निघून गेला असतात. मला ते जमलं नाही, कारण माझी खुर्ची भिंतीला होती आणि दार शाळेच्या कमिटीच्या अध्यक्षांच्या अंगाला होतं. तुमच्या फोटोला घातलेल्या हारापेक्षा अध्यक्षांच्या गळ्यातला हार जाड होता. त्यांनी तुम्हाला दोनदा भुजंगराव म्हटलं आणि एकदा बाबूराव. तुम्ही क्रीडाक्षेत्राच्या आकाशातलं नक्षत्र होतात ही माहिती मला नवी होती. तुम्हालाही नवीच असणार.

इथवर माझी काही तक्रार नव्हती. मेलेल्या माणसाला नक्षत्र करणं हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे आणि त्यानं कुणाचं बिघडत नाही. पण शेवटी ते म्हणाले, "आयुष्यभर धावून धावून त्या थोर हृदयाची ताकद संपली. मोठ्या डॉक्टर साहेबांनी तीन वर्षांपूर्वीच इशारा दिला होता, पण मास्तरांनी ऐकलं नाही." सभेत चुकचुकाट झाला. पुढच्याच आठवड्यात शाळेच्या कमिटीनं पोरांची सकाळची दौड बंद केली. मोती तलावापर्यंत पळत जायचं आणि परत यायचं, ही तुम्ही दहा वर्षं चालवलेली गोष्ट एका भाषणात थांबली. पालक आपणहून येऊन सांगत होते, आमच्या पोराचं नाव काढा, मास्तरासारखं व्हायला नको.

तुमच्या मृत्यूच्या दाखल्यावर सही माझी आहे. मृत्यूचं कारण मी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. पण दाखला लागतो तो माणूस मेला एवढं सिद्ध करायला. कशानं मेला ते वाचायला कुणाला वेळ असतो? म्हणून हे लिहितो आहे. तुमच्या हृदयाबद्दल आपण दोघं जेवढं बोललो तेवढं या गावात कुणी कुणाच्या हृदयाबद्दल बोललं नसेल, नाटकातले नायक-नायिका धरून.

*

आठवतं? निजामावरची पोलिस ॲक्शन होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. जुन्या जालन्यात धान्याच्या आडतीच्या गल्लीत माझा दवाखाना नुकता बसत होता. एका दुपारी तुम्ही एका दांडग्या विद्यार्थ्याला खांद्यावर टाकून मैदानापासून दवाखान्यापर्यंत पळत आलात. पोराचा हात खांद्यातून निखळला होता. तो बोंबलत होता आणि मी बघत होतो तुमच्याकडे. एवढं ओझं घेऊन आलेला माणूस धापा टाकत नव्हता. हात जागेवर बसवून झाला, पोरगं मुसमुसत बाकावर पडलं, आणि मी तुमचं मनगट धरलं.

"ओ डाक्टर," तुम्ही म्हणालात, "हात त्याचा निखळलाय, माझा न्हाई."

मी घड्याळ काढलं. मोजलं. पुन्हा मोजलं. माझ्या पुस्तकांप्रमाणे निरोगी माणसाची नाडी मिनिटाला सत्तरच्या आसपास असते. तुमची चाळिशीच्या थोडी वर होती. दोन ठोक्यांच्या मध्ये एवढी जागा, की त्यात माणसाला आपल्या पापांची आठवण व्हावी.

"मास्तर, तुम्हाला कधी चक्कर येते?"

"हेडमास्तर भाषणाला उभे राह्यले का येती."

"मी थट्टा करत नाही. नाडी फार मंद आहे."

"मंग बरंय की. जल्दी काय हाय?"

त्या दिवशी तुम्ही गेलात आणि मी हैदराबादेहून आणलेली पुस्तकं खाली काढली. मंद नाडी: हृदयातल्या ठोक्याच्या वाटेत अडथळा, कावीळ, मेंदूवर दाब, अफू. तुम्हाला यातलं काहीच नव्हतं. शेवटी एका पुस्तकात तळाशी बारीक टाइपात एक ओळ सापडली की कसलेल्या धावपटूंमध्ये नाडी मंद असू शकते. 'असू शकते'! का असू शकते, त्यावर पुस्तक गप्प. ज्या प्रश्नावर पुस्तक गप्प बसतं त्याच्यामागे लागायची मला खोड आहे. तुम्ही रोज संध्याकाळी दवाखान्यात चहाला येऊ लागलात ते माझ्या स्वभावामुळे नव्हे, हे मला माहीत होतं. चहा चांगला होता. आणि मी तुम्हाला बोलवत होतो ते तुमच्या मनगटासाठी. दोस्ती अशा स्वार्थी पायावर उभी राहिली की टिकते.

*

तुमची जन्मकथा मी हळूहळू जमवली. जाफराबादकडचं धनगराचं घर, लहानपण मेंढरांमागं, मग जालन्याला शिकायला आलात आणि दर शनिवारी गावी पायी. "पायी म्हंजी पळत," तुम्ही दुरुस्ती केली होती. "चालत कोन जातंय? पोचायच्या आधी सोमवार उजाडंल." पुढं त्याच शाळेत ड्रिल मास्तर झालात. निजामाच्या राज्यात उर्दूत हुकूम देत होतात, मग मराठीत देऊ लागलात. पण पोरं चुकली की हुकूम आपोआप उर्दूत जायचा आणि पोरं बराबर वळायची.

शरीराबद्दलची तुमची मतं ऐकून मला चहा ठसकायचा. मेंढीचं दूध थेट फुप्फुसात जातं. पाणी पिताना बोललं की दम कमी होतो. आणि सगळ्यांत लाडकं मत: जोडा घातला की पाय आंधळा होतो. म्हणून तुम्ही उन्हाळा-पावसाळा अनवाणी पळत होतात. त्यावर आपलं किती वाजलं! मी म्हणायचो, जमिनीत जंत असतात, जंतू असतात, काटे असतात. तुम्ही म्हणायचात, "काटे पायाला दिसत्यात. जोड्याला दिसत न्हाईत." ह्या वाक्याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आता आहे, पण ते राहू द्या.

नाडीचं मात्र मी तुम्हाला समजावलं. हृदयाला दोन धनी असतात, मी सांगितलं. एक मज्जातंतू त्याला हाणतो, दुसरा आवरतो. संकट आलं, राग आला, पळायची वेळ आली की हाणणारा पुढं होतो. निवांत बसलं, जेवलं, झोपलं की आवरणारा. हा सगळा कारभार आपल्या मर्जीशिवाय चालतो, म्हणून पुस्तकं त्याला स्वायत्त मज्जासंस्था म्हणतात. (त्या काळात स्वायत्त हा शब्द कानावर पडला की आडत्यांना वाटायचं, पुन्हा सरहद्द बदलणार.) तुमच्यात रोजच्या पळण्यानं आवरणारा तंतू बळकट झाला आहे, असं माझं म्हणणं. सोपं करून सांगायला मी म्हटलं, "असं समजा, बैल जुंपलाय. हाणायला पराणी आहे आणि आवरायला कासरा आहे. तुमचा कासरा पक्का झाला, म्हणून बैल हळू चालतो."

तुम्ही बशी खाली ठेवलीत. "डाक्टर, गाडी कधी हाकली का?"

"नाही."

"मंग बैल कशाला मधी आनता? चांगला बैल काय कासऱ्यानं हळू चालतो व्हय? कासरा ओढून ओढून चालवला तर त्याचं नाक फाटंल. त्याला वाट ठावूक झाली, अंगात ताकद आली, का तो आपसूक दमानं चालतो. एका पावलात दुसऱ्याची दोन पावलं घेतो. तुमचा तो तंतू-बिंतू ठेवा बाजूला. बैलच शिकलेला असतो."

म्हणजे तुमच्या मते हृदयच बदललं होतं. माझ्या मते त्याचा लगाम. हा वाद आपण दहा वर्षं चालवला. कुणी तिसरा ऐकत असता तर त्याला वाटलं असतं की गुरांच्या बाजाराला निघालोत.

*

मध्येच निसर्गानं आपल्याला एक प्रयोग फुकट करून दिला. तुमचा घोटा मुरगळला आणि मी तुम्हाला प्लास्टरमध्ये घालून खाटेवर बसवलं. गिरजावैनींना वाटलं, घरात नवरा प्रथमच दिसतो आहे. पण तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "डाक्टरसाहेब, जल्दी बरं करा. दिवसभर मला कवायत शिकवून राह्यलेत." मी रोज नाडी मोजत होतो. आठवड्या-आठवड्यानं ती वर चढू लागली. पन्नासच्या पुढं गेली, साठला टेकली. माझ्यासारख्या बैठ्या माणसाला लाज वाटण्याइतकी ती चांगली होती, पण तुमचा चेहरा उतरला.

"इसरून राह्यलं," तुम्ही छातीवर हात ठेवून म्हणालात. एखाद्या हुशार पोरानं पाढे विसरावेत तसं.

घोटा बरा झाला, पळणं सुरू झालं आणि नाडी पुन्हा उतरत उतरत जुन्या जागी आली. म्हणजे ती जन्मजात नव्हती आणि आजारही नव्हती. कमावलेली होती. एवढं तरी आपल्या दोघांत एकमतानं ठरलं. त्याच सुमारास मला तुमच्या नाडीत आणखी गंमत सापडली. श्वास आत घेतलात की ठोके जरा जवळ यायचे, सोडलात की लांबायचे. तोंडावर गार पाणी मारलं की दोन ठोके गायबच. आणि सगळ्यांत नवल म्हणजे, मैदानात रेषेवर उभे राहून तुम्ही नुसतं "तय्यार" म्हटलंत की पाऊल उचलण्याआधीच नाडी पळत सुटायची. पाय अजून जालन्यात आणि काळीज निम्म्या वाटेत!

"मेंढरावर लांडगा आल्यावर काळीज जागं करायला वेळ कुठाय?" तुमचा खुलासा. हाही पुस्तकात नव्हता.

*

मग मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि सगळ्यांच्या नोकऱ्यांचं पुन्हा एकदा नव्यानं ठरवायची टूम निघाली. मास्तरांना कायम करायचं, पण तब्येतीचा दाखला हवा. जिल्ह्याच्या ठिकाणाहून मोठे डॉक्टर साहेब डाक बंगल्यात मुक्कामाला आले. हिरव्या बनातीचं टेबल, त्यावर घंटी, दाराशी लाल पट्ट्याचा शिपाई. घंटी एकदा वाजली की एक मास्तर आत, दोनदा वाजली की चहा.

तुम्ही मला न विचारता जे करायचं ते केलंत. तालमीतली शिकवण: मोठ्या कुस्तीच्या आधी अंग पूर्ण निवू द्यायचं. दोन दिवस पळणं बंद, दहीभात, झोप. आणि डाक बंगल्याच्या व्हरांड्यात बाकीचे मास्तर घाम पुसत, घसे खाकरत उभे असताना तुम्ही कोपऱ्यात मांडी घालून, डोळे मिटून, लांब लांब श्वास सोडत बसलात. साहेबापुढं मन शांत असावं म्हणून! आत गेलात तेव्हा तुमची नाडी तिच्या आयुष्यातल्या सगळ्यांत मंद चालीनं चालली होती.

साहेबांनी मनगट धरलं. मग घड्याळ कानाला लावून पाहिलं. मग हलवून पाहिलं. घड्याळ चालू आहे म्हटल्यावर बंद पडलेलं दुसरं काय असणार? त्यांनी लिहिलं: हृदय कमजोर, नोकरीस नालायक. बाहेर घाबरून नाडी धडधडवत उभे असलेले सगळे पास झाले. त्यांतल्या एकाला जिना चढताना आधार लागत होता.

त्या संध्याकाळी तुम्ही चहा घेतला नाहीत. "मैदान काढून घ्यायलेत, डाक्टर," एवढंच म्हणालात. शाळेतनं काढलं तर गावी मेंढरं होती, भाकरी सुटणार नव्हती. पण ती शिट्टी, ती पोरं, ती तलावाची वाट कुठून आणणार होतात?

फेरतपासणीची सोय होती. मी सांगितलं, "सोपं आहे. जायच्या आधी दोन कप कडक चहा प्या, बंगल्याला दोन चकरा मारा आणि धापा टाकत आत जा. सत्तर भरतील."

तुम्ही असं बघितलंत, जणू मी पेपर फोडायला सांगितलं होतं. "पोरांना मी काय सांगतो? रेषेच्या आधी पळालं का बाद. अन् मीच चोरून पळू? माझी हाय ती नाडी त्यानं बराबर हाय म्हनावं. न्हाई तर बिलकुल नको."

"मास्तर, इथं तत्त्वाचा प्रश्न नाही, नोकरीचा आहे."

"तुमच्यासाठी असंल."

मग फेरतपासणीला मी तुमच्याबरोबर आलो. साहेबांना इंग्रजीत नमस्कार केला, कारण मराठीत ते ऐकत नसत. मी म्हटलं, सर, हृदयात अडथळा असेल तर मेहनतीनंतरही ठोके वाढणार नाहीत. आपल्यासारख्या अनुभवी माणसाला मी काय सांगावं. खुशामतीचा डोस बरोबर बसला. तुम्ही त्या दिवाणखान्यात बैठका मारायला लागलात. कपबशा किणकिणल्या. शंभर झाल्यावर साहेबांनी मनगट धरलं तर नाडी दणदणीत वर, आणि चहा कपात ओतून होईपर्यंत पुन्हा खाली. साहेबांना ते खरं वाटेना. तेव्हा मी तुलनेसाठी लाल पट्टेवाल्याला बैठका मारायला लावल्या. पंधरा झाल्यावर तो साहेबांच्याच खुर्चीत बसला आणि बराच वेळ त्याला उठवता आलं नाही.

साहेबांनी लायक म्हणून लिहून दिलं. पण मोठा माणूस हरला तरी शेवटचा शब्द सोडत नाही. निरोप देताना ते बोट उंचावून म्हणाले, "तरी धावणं कमी करा. हृदयाला मर्यादा असते." आपण बंगल्याच्या फाटकापर्यंत हसू दाबलं. आपल्याला काय ठाऊक, की पट्टेवाला ते वाक्य गावभर नेणार आहे आणि तीन वर्षांनी ते तुमच्या फोटोखाली उभं राहून वाजणार आहे.

*

नोकरी राहिली, वाद राहिला. कासरा की बैल? मी म्हटलं, याचा निकाल लावणारं औषध आहे. ॲट्रोपिन म्हणून. धोतऱ्याच्या जातीतलं विष, पण मापात दिलं की आवरणारा तंतू तेवढा थोड्या वेळापुरता लुळा होतो. कासरा कापून बघायचा. बैल नुसत्या कासऱ्यामुळं हळू चालत असेल, तर तुमची नाडी माझ्याइतकी पळेल.

रविवारी दुपारी दोघांनी टोचून घेतलं. गिरजावैनी तुमचं स्टॉपवॉच घेऊन मध्ये बसल्या. तलावाच्या फेऱ्यांना वेळ लावून लावून त्यांना त्याची सवय होती. "म्हादेवाला वाहायचं ते अंगात घालून घ्यायलेत," त्या म्हणाल्या, "दोघं बी शिकलेले हायेत म्हनं." औषध चढलं तसा आपल्या अंगातला सगळा ओलावा गेला. घाम नाही, थुंकी नाही, डोळे कोरडे ठाक, जीभ टाळ्याला चिकटलेली. आपला वाद त्या दिवशी प्रथमच शांततेत झाला.

मी तुमचं मनगट धरलं होतं, तुम्ही माझं. माझी नाडी शंभर ओलांडून बरीच पुढं गेली. तुमची चाळिशीतनं उठली, सत्तर, ऐंशी, नव्वदीला आली. मी खुशीत मान डोलावत होतो. आणि तिथं ती थांबली. थांबली ती थांबलीच. कासरा कापला तरी तुमचा बैल माझ्या बैलाच्या मागंच होता.

माझ्या म्हणण्याचा मोठा हिस्सा खरा ठरला होता. पण सगळा नाही. मध्ये काहीतरी उरलं होतं.

तुम्ही जीभ सोडवत सोडवत म्हणालात, "ते... उरलेलं... माझं."

"मापात फरक पडला असेल," मी म्हटलं. "मोजण्यात चूक असेल."

"चूक कशी? मोजनारे तुम्हीच."

त्या उरलेल्याचं काय करायचं, हे आपण ठरवणारच होतो.

*

यंदा पावसाळा सरताना बैलाच्या नालेचा एक गंजका खिळा तलावाच्या वाटेवर चिखलात पडला होता. तो तुमच्या पायाला दिसला नाही. तुम्ही तो उपटून टाकलात, हळद-चुना दाबलात, आणि दुसऱ्या दिवशी पळायला गेलात. मला सांगितलं नाहीत, कारण जोड्याचं भाषण ऐकावं लागलं असतं. आठवड्यानं वैनी आल्या. "त्यांचा जबडा बसलाय. भाकर चावता येईना."

धनुर्वाताचं निदान करायला हुशारी लागत नाही. सिरम बाहेरगावाहून आणवलं, दिलं. उशीर झाला होता. खोलीत अंधार केला, भांडं पडू दिलं नाही, कारण आवाजानंही तुमचं अंग कमानीसारखं ताणायचं. आणि तुमची नाडी! जी मी चाळिशीत पाहिली, लाडानं मोजली, ती खाटेवर पडल्यापडल्या पळत होती. दिवसरात्र, झोपेचं औषध दिल्यावरही, सारखी. दहा वर्षांत तुम्ही नुसते पडून असताना ती पळताना मी पहिल्यांदा पाहिली.

तुमची जुनी सवय: मी मनगट धरलं की किती म्हणून विचारायचं. दातांच्या फटीतनं तुम्ही विचारलंत, "किती?" मी खरा आकडा सांगितला. तुमच्या भुवया वर गेल्या. इतक्या वेदनेतही तुम्हाला नवल वाटलं, आणि माझ्या लक्षात आलं की या गावात नवल वाटणारे आपण दोघंच होतो.

"हे... कासऱ्याचं... का... बैलाचं?"

"नंतर सांगतो," मी म्हटलं. "बोलू नका."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी एक झटका आला आणि छाती आवळली ती सुटली नाही. श्वास थांबला. मी छाती दाबून पाहिली, तीन वेळा, चार वेळा. दाराशी रडणं सुरू झालं. वैनींनी माझ्याकडं बघितलं: "गेले का?" मी एक हात वर करून थांबा अशी खूण केली. कारण दुसऱ्या हाताच्या बोटांखाली ठोका होता. श्वास गेल्यावरही तो चालला होता, एकटा, आधी जल्दी, मग हळू, आणि हळू, आपल्या जुन्या चालीवर येत. किती वेळ ते मी मोजलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तुमची नाडी हातात असून मी घड्याळ काढलं नाही.

अध्यक्ष महाराज, ते हृदय थकलेलं नव्हतं. सगळ्यांत शेवटी गेलं ते.

*

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ते कासऱ्याचं होतं. धनुर्वाताचं विष मज्जातंतूंत शिरतं, आवर घालणारं सगळं मोडून टाकतं आणि पराणी मोकाट सुटते. बैलाचा दोष नव्हता. तो तसल्या हाणामारीतही वाटेवर होता.

हेच मी हेडमास्तरांना सांगितलं, बैल वगळून. ते म्हणाले, लिहून द्या. लिहून दिलं. कमिटीत अध्यक्ष म्हणाले, पण मोठ्या डॉक्टर साहेबांचा इशारा? मी म्हटलं, त्यांनी धावण्याचा इशारा दिला होता, खिळ्याचा नव्हता. खिळ्याचा इशारा मी दिला होता आणि तोही कुणी ऐकला नाही. बरीच चर्चा होऊन ठराव झाला की दौड चालू करावी, मात्र डॉक्टरांनी रोज जातीनं हजर राहावं. त्यांना वाटलं, आळशी माणूस आहे, आठ दिवसांत कंटाळेल. अंदाज चुकीचा नव्हता.

वैनींनी तुमची शिट्टी दिली. पोरांना मी धनुर्वाताची सुई टोचली आणि पायात कॅनव्हासचे जोडे सक्तीचे केले. माफ करा, तुमचं हे एक मत मी बदललं आहे. पोरं पुढं पळतात, मी मागं आधी चालत होतो, आता थोडा थोडा पळतो. आडतीवरचे हमाल थांबून बघतात. एकानं विचारलं, "डाक्टरसाब, कुनी पेशंट पळून गेला का?"

पोरांची नाडी मी रेषेवर मोजतो. "तय्यार" म्हटलं की अजून तसंच होतं. निम्म्या वाटेत.

आता आजची गोष्ट. गेल्या काही दिवसांत माझी स्वतःची नाडी पाच-सहा ठोके उतरलेली दिसली. मी लगेच विश्वास ठेवला नाही. तुमच्याबरोबरचा संध्याकाळचा चहा बंद झाल्यानंही असेल. वैनींना बोललो तर त्या म्हणाल्या, "मंग आना ते म्हादेवाचं औषध. मी धरते हात. त्यांचं खरं होतं का तुमचं, एकदाचं कळू द्या."

दुपारी टोचून घेतलं, तेवढंच माप. वैनींनी एका हातात स्टॉपवॉच धरलं, दुसऱ्यात माझं मनगट, आणि ओठ हलवत मोजलं. मागच्या वेळी जिथवर गेली होती तिथवर नाडी या वेळी गेली नाही. थोडी अलीकडं थांबली. फार नाही, चार-पाच ठोके.

"मोजण्यात चूक असेल," मी म्हटलं.

"ती तुमची जुनीच आदत हाय," वैनी म्हणाल्या, आणि पुन्हा मोजलं. तेवढेच आले.

वय वाढलं की असं होतं, हे मला माहीत आहे. एका माणसावरून सिद्धांत होत नाही, हेही. तेव्हा सगळं मान्य केलं असं समजू नका. पण ते जे उरलं होतं, ते तुमचं असावं. बैलही थोडा शिकत असावा.

औषध अजून उतरलेलं नाही. जीभ कोरडी आहे आणि जवळची अक्षरं पुसट दिसताहेत, म्हणून इथं थांबतो. एक निरीक्षण मात्र नोंदवायचं राहिलं. ॲट्रोपिन घेतल्यावर डोळ्यांना पाणी येत नाही, असं माझ्या सगळ्या पुस्तकांत लिहिलं आहे. पुस्तकं पुन्हा एकदा तपासून बघायला हवीत.